घे, तुझं दान

गेल्या रविवारी माळा आवरताना जुना सापशिडीचा पट सापडला. जाड पुठ्ठ्याचा, मधोमध घडीचा. घडीवर आजीने खळ लावून चिकटवलेली कापडी पट्टी अजून शाबूत आहे. एका बाजूला लुडो, दुसऱ्या बाजूला सापशिडी. नेवाशाला मोहिनीराजाच्या जत्रेत आजीने तो आम्हा नातवंडांसाठी घेतला होता. आता सापांचे रंग उडालेत. शंभराच्या घरावर कधीतरी सांडलेल्या चहाचा डाग आहे. बहिणीची मुलं सुट्टीला आली होती, त्यांच्यासमोर पट मांडला. खेळ रंगात आला आणि भाच्याची सोंगटी वरच्या ओळीतल्या मोठ्या सापाच्या तोंडात गेली. त्याची धाकटी बहीण टाळ्या वाजवून हसली. आपलं दान टाकून झाल्यावर हसत हसतच तिने फासा भावाकडे भिरकावला. तो घरंगळत कपाटाखाली गेला. भाचा जागचा हलला नाही. "मला नाही खेळायचं," एवढंच म्हणाला. झाडूच्या टोकाने फासा बाहेर काढताना मला आजीचा नियम आठवला.

आजीच्या घरात फासा फेकून द्यायचा नाही, असा दंडक होता. आपलं दान टाकून झालं, सोंगटी चालवून झाली, की फासा उचलायचा. पुढच्या भिडूच्या तळहातावर ठेवायचा. आणि म्हणायचं, "घे, तुझं दान." ज्याला नुकतंच सापाने गिळलंय त्याला तर हे जरा मायेने म्हणायचं. फासा हरवला की आम्ही कवड्यांनी खेळायचो, पण नियम तोच. कवड्या ओंजळीतून ओंजळीत जायच्या. या नियमाचं कारण आजीने कधी सांगितलं नाही. गोष्टी मात्र सांगितल्या. पटावर नुसते आकडे छापलेले होते, पण तिने सगळ्या सापांना आणि शिड्यांना नावं दिली होती. तळाच्या ओळीतून निघून पार वर पोचणारी शिडी ध्रुवाची. बापाच्या मांडीवरून उठवलेलं पोर आभाळात जाऊन बसलं, म्हणून ती सगळ्यांत लांब. एकाच ओळीने वर नेणारी आखूड शिडी खारीची, सेतूसाठी वाळू वाहणाऱ्या त्या खारीची. मधला निळा साप दुर्योधनाचा. त्यावर सोंगटी आली की खेळ थांबायचा आणि मयसभेची गोष्ट व्हायची. जमीन समजून त्याने पाय टाकला, तिथे पाणी निघालं, तो पडला आणि कुणीतरी हसलं. "पडला तो वाळलाही असता गं," आजी म्हणायची. "हसू मात्र वाळलं नाही." आणि शेवटच्या ओळीतला सगळ्यांत मोठा साप राहूचा. तो तर आमच्या घरचाच म्हणायचा. मोहिनीने देवांना अमृत वाढलं ते नेवाशात, असं आमच्याकडे मानतात. तिचंच देऊळ तिथे मोहिनीराजाचं. राहू वेष बदलून देवांच्या पंगतीत बसला. अमृत ओठांपर्यंत पोचलं आणि तेवढ्यात चक्र आलं. शिर पडलं ते राहुरीला, काया पडली ती कायगावला. शंभराच्या इतक्या जवळ येऊन जो घसरतो तो राहूच्या तोंडात गेला, असं आम्ही म्हणायचो. शंभराचं घर म्हणजे मोहिनीराजाचं देऊळ. पुस्तकं वाचायला लागायच्या आधीच अशी कितीतरी माणसं आमच्या ओळखीची झाली होती, आणि ती सगळी त्या एका पुठ्ठ्यावर राहायची.

या खेळाचं नेवाशाशी आणखी एक नातं आहे, ते मला मोठेपणी कळलं. सापशिडीचं आपल्याकडचं जुनं नाव मोक्षपट. परंपरा त्याचं कर्तेपण ज्ञानेश्वरांना देते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, प्रवरेकाठी याच नेवाशात. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो पैस खांब आजही तिथे आहे. आज हाती असलेले जुने पट ज्ञानेश्वरांच्या बऱ्याच नंतरचे आहेत. पण ते पाहिले की खेळामागचा जीव कळतो. त्यांच्या घरांत काम, क्रोध, लोभ, मत्सर असे शब्द आहेत आणि तिथून साप खाली उतरतात. दया, भक्ती अशा घरांतून शिड्या वर जातात. वैष्णवांचे पट 72 घरांचे, जैनांचे 84 घरांचे. डेन्मार्कचे अभ्यासक जेकब श्मिट-मॅडसन मोक्षपटाच्या शोधात पुण्याला आले होते. वा. ल. मंजूळ यांच्या मदतीने रा. चिं. ढेरे यांच्या पोथ्यांच्या संग्रहात त्यांना तो मिळाला. पुढे 2019 मध्ये त्यांनी कोपनहेगन विद्यापीठात या जातीच्या खेळांवर प्रबंध लिहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला पोचला आणि तिथून जगभर गेला. या प्रवासात घरांतले शब्द हळूहळू गळाले, आकडे तेवढे राहिले. आजीला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिने आपल्या परीने त्या आकड्यांत पुन्हा माणसं आणून बसवली.

परवा मुलांचा खेळ बघताना मला एक गोष्ट पहिल्यांदाच नीट दिसली. लुडोत आपण दुसऱ्याची सोंगटी मारतो. बुद्धिबळात प्यादी मारतो, कॅरममध्ये दुसऱ्याची सोंगटी अडवून ठेवतो. सापशिडीत कुणाला कुणाचं काहीच वाकडं करता येत नाही. सापाच्या तोंडात कुणी कुणाला ढकलू शकत नाही, शिडीवर चढवूही शकत नाही. एका घरात दोन सोंगट्या आल्या तर दोन्ही सुखाने बसतात. कुणी बादही होत नाही. अगदी राहूने गिळलेला माणूससुद्धा खालच्या कुठल्यातरी घरात जिवंत असतो आणि त्याची पाळी सगळ्यांसारखीच येते. मग एका भिडूला दुसऱ्यासाठी करण्याजोगं उरतं काय? एकच. फासा त्याच्या हातात देणं. आजीने नेमकं तेवढंच धरून ठेवलं होतं. तेवढं नीट करायचं, आणि करताना तोंडाने म्हणायचं.

त्या म्हणण्याला अर्थ आहे. माझा मामा कांदा करतो. एका वर्षी त्याने घोडेगावच्या बाजारात माल नेला आणि भाव असा निघाला की गाडीभाडं आणि हमाली वजा जाता हातात फारसं काही उरलं नाही. संध्याकाळी तो घरी आला. सगळे त्याच्याशी फार जपून वागत होते. कुणी बाजाराचा विषय काढेना. चहा पुढे सरकवला, पोरांना बाहेर पिटाळलं. दोन दिवस शेतातलं काहीही त्याला न विचारता परस्पर चाललं होतं. सगळ्यांच्या मनात मायाच होती. पण मामा जास्तच गप्प होत गेला. तिसऱ्या दिवशी आजी ओट्यावर त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "पुढच्याला बी कुठलं धरायचं, ते सांग. तुझ्याबिगर मला कळायचं नाही." मामा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "खालच्या तुकड्यात यंदा कांदा नको, गहू टाकू." एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रानात होता. पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, आजीने फासा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला होता.

आपण सगळे भल्या मनाची माणसं आहोत. पडलेल्याला हसणारे आपल्यात थोडेच. आपली चूक वेगळीच होते आणि ती मायेपोटी होते. आपण म्हणतो, "राहू दे, मी करते." ऑफिसात नव्या मुलीच्या हातून एक तक्ता चुकतो. पुढच्या महिन्यापासून तो तक्ता आपणच करायला घेतो, तिला त्रास नको म्हणून. सासूबाईंचा हात थरथरतो, म्हणून विळी त्यांच्यासमोरून उचलतो आणि नकळत भाजी निवडण्याचं कामही उचलतो. मुलाने सामान आणताना एकदा सुट्ट्या पैशांचा घोळ केला की दुकानात आपणच जातो. यात कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं. पण त्या माणसाची पाळी मात्र गेलेली असते. तो पटाशेजारी बसून राहतो, सोंगटी त्याची असते आणि दान दुसराच टाकत असतो. सापाने गिळण्यापेक्षा हे जड जातं, असं मला वाटतं. मराठीत फाशाच्या त्या टाकण्याला दान म्हणतात, हे किती छान आहे. पाळी हे देण्याजोगं दान आहे. तक्ता त्या मुलीलाच परत द्यायचा आणि शेजारी दहा मिनिटं बसायचं. सासूबाईंपुढे मटाराच्या शेंगा ठेवायच्या आणि म्हणायचं, "तेवढं तुम्हीच बघा." मुलाला पुन्हा पैसे देऊन दुकानात पाठवायचं. उरलेले पैसे त्याने मोजून आणेपर्यंत दारात उभं राहायचा मोह होतो, तो मात्र आवरायचा.

कपाटाखालून काढलेला फासा मी पदराने पुसला आणि भाचीच्या हातात दिला. दादाला कसा द्यायचा ते सांगितलं. तिने तो दोन्ही हातांनी धरला, जरा लाजली आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "घे, तुझं दान." भाच्याने टाकलं. दोन पडले. काही फार मिळालं नाही, पण तो खेळायला बसला. पुढचा तास दोघं हाच खेळ खेळत होती आणि मी राहूची गोष्ट तीनदा सांगितली. त्या डावात शंभराला भाचीच आधी पोचली.

तुमच्याही घरात माळ्यावर असा एखादा पट असेल. आज कामावरून परत आल्यावर काढून बघा. सोंगटी हरवली असेल तर चिंचोका चालतो.