भरपाई कोणाच्या हातात पडते?

कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याला ‘फुकट’ म्हणून मोबाइल मिळाला आणि बिलात ३०.२२ डॉलर विक्रीकर लागून आला. एवढ्याशा रकमेसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? वकिलाची फीच कितीतरी पट जास्त. पण हीच रक्कम लाखो ग्राहकांकडून उकळली, तर कंपनीला कोट्यवधी मिळतात आणि जाब विचारायला कोणीच उरत नाही.

या पेचावर हॅरी कॅल्व्हन आणि मॉरिस रोझेनफील्ड या अमेरिकी कायदेतज्ज्ञांनी १९४१ मध्येच बोट ठेवलं होतं. किरकोळ नुकसान झालेल्यांना एकत्र आणणारा सामूहिक दावा हाच त्यांना मार्ग दिसत होता. १९६६ मध्ये अमेरिकेच्या दिवाणी नियमावलीतला नियम २३ नव्याने लिहिला गेला, तेव्हा या विचाराला बळ आलं. भरपाईच्या दाव्यात आधी नाव नोंदवायची गरज राहिली नाही. जो स्वतःहून बाहेर पडत नाही, तो दाव्यात धरला जाऊ लागला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये दाखल झालेल्या आयझेन खटल्यात पहिला मोठा अडथळा दिसला. शंभरापेक्षा कमी शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्या छोट्या गुंतवणूकदारांकडून जादा आकार घेतला जातो, अशी तक्रार होती. असे लोक सुमारे ६० लाख, त्यातल्या साडेबावीस लाखांची नावं-पत्ते मिळण्यासारखे. दावा करणाऱ्या आयझेन यांचं स्वतःचं नुकसान ७० डॉलरचं. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये सांगितलं की ज्यांचे पत्ते मिळतात त्या प्रत्येकाला नोटीस गेली पाहिजे आणि खर्च फिर्यादीने करायचा. तो खर्च होता सव्वादोन लाख डॉलर! गरिबाला न्याय स्वस्त करून देणारी कल्पना टपालखर्चापाशी अडली.

पुढे विचारानेच कूस बदलली. ग्राहकाला किती मिळालं याला फारसं महत्त्व नाही, कंपनीच्या खिशातून पैसा गेला म्हणजे धाक बसला, असं काही अभ्यासक म्हणू लागले. मला हे अर्धंच पटतं. धाक हवाच, पण ज्याच्या नावाने दावा लढवला, वकिलांनी फी घेतली, त्याला काहीच मिळणार नसेल, तर तो दावा त्याचा कसा म्हणायचा?

मायामीच्या न्यायालयात चाललेलं ओव्हरड्राफ्टचं प्रकरण मला म्हणूनच मोलाचं वाटतं. बँका दिवसभरातले व्यवहार झाले त्या क्रमाने न लावता सर्वांत मोठी रक्कम आधी वजा करत. खातं लगेच रिकामं होई; मग कॉफी, पाव, औषध अशा प्रत्येक छोट्या खरेदीवर वेगळा दंड. २०११ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने ४१ कोटी डॉलर देऊन समझोता केला. त्यात ग्राहकाला अर्ज करावा लागला नाही. कोणाकडून किती दंड घेतला हे बँकेच्याच नोंदींत होतं.

याउलट लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीकडून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती फुटली. समझोत्यात १२५ डॉलर रोख मिळण्याचा पर्याय होता, पण त्यासाठी राखून ठेवले होते फक्त ३ कोटी १० लाख डॉलर. म्हणजे पूर्ण रक्कम जेमतेम अडीच लाख लोकांना पुरली असती. बहुतेक प्रकरणांत तर लोक अर्जच करत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये तपासलेल्या समझोत्यांत दावा करणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ९ टक्के निघालं.

दरम्यान सुरुवातीच्या जोडप्याच्या मोबाइलचं प्रकरण कोर्टात गेलं होतंच; त्या खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. करारात लवादाचं कलम घालून सामूहिक दाव्याची वाट बंद करता येते, असं ठरलं. अपुरा असला तरी हा हक्क कंपन्यांना किती नकोसा होता, हे त्यावरून कळतं.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनेक ग्राहकांच्या वतीने एकाने तक्रार करण्याची सोय आहे. नुकसान झालेले असंख्य ग्राहक सहज ओळखता येत नसतील, तर विकलेल्या सदोष मालाच्या किमतीच्या किमान २५ टक्के रक्कम कंपनीकडून वसूल करता येते. बिस्किटाचा पुडा रोखीने घेणाऱ्याला शोधणं अवघड, हे मान्य. पण मोबाइल कंपनी, बँक, विमा कंपनी, वीज कंपनी यांच्याकडे प्रत्येक ग्राहकाचं नाव, नंबर आणि प्रत्येक बिलाची नोंद असते. तिथे ग्राहक आयोगाने अर्ज मागवत बसू नये. जादा घेतलेली रक्कम पुढच्या बिलातून वजा करण्याचा किंवा थेट खात्यात जमा करण्याचा आदेश द्यावा, आणि किती खात्यांत ती पोचली याचा हिशेब कंपनीकडून मागून घ्यावा.