लेकरू पापी जन्मतं का?

मूल जन्मतःच पापी असतं, यावर मेरी मार्था शेरवूड (१७७५–१८५१) या इंग्रज लेखिकेचा ठाम विश्वास होता. पाद्र्याची ही लेक. लहानपणी गळ्यात लोखंडी पट्टा अडकवून तिला उभ्यानेच धडे गिरवावे लागत.

नवऱ्याच्या पलटणीबरोबर ती १८०५ मध्ये हिंदुस्थानात आली. इथे हेन्री आणि ल्यूसी ही तिची दोन लहानगी दगावली. कानपूरला हेन्री मार्टिन या धर्मोपदेशकाची संगत लाभली आणि श्रद्धा आणखी कडक झाली.

१८१८ च्या तिच्या ‘द फेअरचाइल्ड फॅमिली’ या पुस्तकात आपसात भांडणाऱ्या मुलांना बाप थेट वधस्तंभापाशी नेतो. तिथे भावाचा खून करणाऱ्याचं प्रेत टांगलेलं. वारा सुटला की साखळ्या खणखणतात. या मुलांपैकी दोघांची नावं काय? हेन्री आणि ल्यूसी! गेलेल्या लेकरांच्या नावांनीच हा धाक घालणं आईच्या हातून व्हावं, हे अंगावर येतं. त्यांचा उद्धार झाला असेल ना, ही धास्तीच बहुधा तिला लिहायला लावत असावी.

गंमत म्हणजे, पुढे तिचं मत पालटलं. देव अखेर सगळ्यांनाच तारतो, असं ती मानू लागली. पुस्तक मात्र खपतच राहिलं. नंतरच्या काही आवृत्त्यांत संपादकांनी ते प्रेत गुपचूप वगळलं.