एक रुपया कोणी कापला?

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांची तयारी चालू होती. नोव्हेंबरात खेळ, आणि त्याआधी स्टेडियम, उड्डाणपूल, हॉटेलं, खेळाडूंची वसाहत असं सगळं उभं करायचं होतं. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशातून मजूर आणलेले होते. किमान वेतन ठरलेलं होतं दिवसाला ९ रुपये २५ पैसे. मजुराच्या हातात पडायचे ८ रुपये २५ पैसे. मधला एक रुपया जमादाराचा, म्हणजे मजूर गोळा करून आणणाऱ्याचा.

'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना याबद्दल पत्र लिहिलं. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. समोर प्रतिवादी होते केंद्र सरकार, दिल्ली प्रशासन आणि दिल्ली विकास प्राधिकरण, म्हणजे डीडीए. त्यांच्या हरकतींपैकी एक अशी होती, की हे मजूर आमचे नाहीतच, ठेकेदारांचे आहेत. तेव्हा तक्रार असेल तर तिकडे जा.

१८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात कोर्टाने हे मान्य केलं नाही. काम तुमचं आहे, तर त्या कामावर कायदा पाळला जातोय की नाही हे बघणंही तुमचंच. ठेकेदार नेमला म्हणजे सुटलात असं नाही. कोर्ट आणखी एक पाऊल पुढे गेलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबावं लागणं ही घटनेच्या कलम २३ मधली वेठबिगारीच आहे, कारण माणसावर बळजबरी करायला दरवेळी काठी लागत नाही, भूक पुरते.

मला या निकालातला पहिला भाग जास्त छळतो. रुपया जमादाराने कापला, यात वादच नव्हता. सरकारमधल्या कुणी तो खिशात घातला, असंही कुणी म्हणत नव्हतं. तरीही जाब सरकारला द्यावा लागला. का?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे हा प्रश्न रोज रात्री पडतो, फक्त त्याला तत्त्वज्ञान म्हणत नाहीत, 'ऑन-कॉल' म्हणतात. ॲपमध्ये पैसे अडकले की चूक आमच्या कोडमध्ये असेल, बँकेच्या सर्व्हरमध्ये असेल, किंवा तिसऱ्याच कंपनीच्या सेवेत असेल. ज्याचे पैसे अडकलेत त्याला याच्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणून चूक कुणाची हे ठरायच्या आधी, रात्री दोन वाजता फोन कुणाला जाणार हे ठरलेलं असावं लागतं. कोडची एखादी ओळ शेवटी कुणी बदलली हे सांगणारी एक कमांडही आहे, तिचं नावच 'गिट ब्लेम'. ती नाव बरोबर सांगते. पण ती ओळ तशी लिहायला कुणी सांगितलं, अशक्य तारीख कुणी कबूल केली, चाचणीसाठीचे दोन आठवडे कुणी खाल्ले, यातलं काहीच सांगत नाही. तिच्या भरवशावर माणसं शोधायला लागलात तर दरवेळी सगळ्यात ज्युनिअर पोरगा सापडतो.

मराठीत आपण 'जबाबदार' हा शब्द दोन्ही अर्थांनी सरसकट वापरतो. 'अपघाताला जबाबदार कोण' म्हणजे दोष कुणाचा, आणि 'हे खातं त्यांची जबाबदारी' म्हणजे उत्तर कुणी द्यायचं. शब्द फोडला तर त्यात फक्त जबाब आहे, दोष नाहीच. हा फरक आपण विसरतो आणि मग घोटाळा होतो. म्हणजे 'घोटाळा' हाच शब्द उरतो, बाकी प्रश्न नाहीसे होतात.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेचं नेमकं हेच झालं. यजमानपद मिळालं नोव्हेंबर २००३ मध्ये. हातात सात वर्षं होती. कॅगचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यानुसार मे २००३ मध्ये साधारण १,२०० कोटींचा असलेला अंदाज शेवटी १८,५३२ कोटींवर गेला. अहवालाची एक मोठी तक्रार चोरीबद्दलची नव्हतीच. कामात ढीगभर यंत्रणा होत्या, आणि त्या सगळ्यांच्या वर उत्तर देणारी एक जागा नव्हती. आयोजन समिती म्हणजे एक नोंदणीकृत सोसायटी, सरकारच्या थेट ताब्याबाहेर. तिचा तोटा भरून काढायची हमी मात्र सरकारची. स्टेडियमं कुठे सीपीडब्ल्यूडीकडे, कुठे डीडीएकडे, कुठे नवी दिल्ली पालिकेकडे. रस्ते सुशोभित करायला दिल्ली महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम खातं. निव्वळ बारभाईंचा कारभार.

उद्घाटनाला दोन आठवडे उरले असताना, २१ सप्टेंबरला जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. २७ जण जखमी झाले, बहुतेक मजूर. त्यावर सरकारकडून आलेला एक खुलासा असा, की हा पूल खेळाडूंसाठी नव्हता, साध्या प्रेक्षकांसाठी होता! शेवटी लष्कराच्या अभियंत्यांनी काही दिवसांत तिथे बेली पूल उभा केला. अट्ठावीस वर्षांपूर्वी याच शहरातल्या, याच प्रकारच्या कामांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलेलं वाचायला कुणाला वेळ मिळाला नसावा.

आणि आता ती गोष्ट, जी मला त्या टॉयलेट पेपरच्या किमतींपेक्षा कितीतरी गंभीर वाटते. दिल्ली सरकारकडे अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेचा पैसा होता. त्यातले सातशे कोटींच्या आसपास रुपये राष्ट्रकुलच्या कामांकडे वळवले गेले. माहिती अधिकारातून हे बाहेर आलं आणि ऑगस्ट २०१० मध्ये तेव्हाचे गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी राज्यसभेत हे चुकीचं झाल्याचं कबूल केलं. या व्यवहारात कुणी लाच घेतली का? प्रश्नच गैरलागू आहे. फाइल फिरली, शेरे पडले, सह्या झाल्या. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचं काम केलं. ज्यांच्या शिष्यवृत्तीसाठी, वस्तीसाठी ते पैसे राखून ठेवले होते त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच. अमेरिकी अभ्यासक डेनिस थॉम्पसन यांनी १९८० साली अशा परिस्थितीला 'अनेक हातांचा प्रश्न' म्हटलं होतं: निर्णयात इतके हात असतात, की परिणाम डोळ्यांसमोर असूनही त्यामागचा हात सापडत नाही.

आपल्याकडे त्यावर उपाय म्हणजे एक चेहरा शोधणं. तो चेहरा पुण्याचा होता. सुरेश कलमाडी यांना एप्रिल २०११ मध्ये अटक झाली, पक्षाने निलंबित केलं, व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पैशांच्या अफरातफरीच्या प्रकरणात ईडीने दिलेला क्लोजर रिपोर्ट दिल्लीच्या कोर्टाने स्वीकारला. लगेच एका बाजूने ओरड झाली, की बघा, काही झालंच नव्हतं. दुसरी बाजू म्हणाली, सगळे मिळालेले आहेत. दोघांनीही एकच गृहीत धरलं होतं: गुन्हा सिद्ध झाला तरच उत्तर देणं लागतं. पण १,२०० चे १८,५३२ कोटी कसे झाले, या प्रश्नाला फौजदारी कोर्ट काय उत्तर देणार? ते कोर्ट पुरावा बघतं, आणि तेच त्याने बघावं. नियोजनाचा जाब विचारायची जागा दुसरी आहे: विधानसभा, महापालिकेची सर्वसाधारण सभा, लोकलेखा समिती. तिथे कंटाळवाणे प्रश्न विचारावे लागतात आणि त्याची रील बनत नाही.

इथे समोरच्या बाजूचं नीट ऐकून घ्यायला हवं, कारण ती बाजू पोकळ नाही. त्या बारा दिवसांत भारताने १०१ पदकं जिंकली, ३८ सुवर्ण. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा नावाच्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत १०,००० मीटरमध्ये कांस्य जिंकली. कृष्णा पुनियाने थाळीफेकीत सुवर्ण आणलं. स्वतःच्या देशाच्या गर्दीसमोर धावायला मिळणं याची किंमत कुठल्या एक्सेल शीटमध्ये मांडणार? शिवाय मेट्रोचे मार्ग, विमानतळाचं नवं टर्मिनल लवकर झालं. 'नुसता हिशेब बघाल तर दिवाळीसुद्धा तोट्यात जाते,' असं माझा एक मित्र म्हणतो. बरोबर आहे. ऋण काढून सण करू नये हे आपल्याला शिकवलेलं असतं आणि तरी प्रत्येक घर कधी ना कधी तो करतंच.

फक्त, घरात सण करणारा आणि कर्ज फेडणारा एकच असतो. कविता राऊतचं पदक आणि विशेष घटक योजनेतले पैसे एका तराजूत घालता येत नाहीत, कारण आनंद एकाचा आणि उपास दुसऱ्याचा आहे. ज्याचे पैसे गेले त्याने 'हो, घ्या' म्हटलं असतं तर तो त्याग झाला असता.

माँट्रियलने हा प्रश्न वर्षांमध्ये ताणून दाखवला. १९७६ च्या ऑलिम्पिकसाठी महापौर ज्याँ द्रापो यांनी ३१ कोटी डॉलरचं बजेट मांडलं होतं, आणि पुरुषाला मूल होणं जितकं शक्य तितकाच ऑलिम्पिकला तोटा होणं शक्य, अशा अर्थाचं विधानही केलं होतं. खर्च हाताबाहेर गेला. केंद्र सरकारने तोटा भरायला नकार दिला. नोव्हेंबर १९७५ मध्ये क्युबेक प्रांताच्या सरकारने स्टेडियमचं काम शहराच्या हातून काढून घेतलं. कर्जाचा मोठा भाग सिगारेटवरच्या खास करातून फिटला, आणि तो फिटायला २००६ उजाडलं. थॉमस जेफरसन यांनी १७८९ मध्ये मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात मांडलं होतं, की पृथ्वी जिवंत माणसांच्या वापरासाठी आहे. एका पिढीला पुढच्या पिढीवर कर्ज लादायचा हक्क नाही. पिढी म्हणजे किती, तर त्यांनी गणित करून काढलं १९ वर्षं. (स्वतः जेफरसन मरेपर्यंत कर्जात होते, आणि त्यांच्या मळ्यावर गुलाम राबत होते. तत्त्वज्ञांचंही 'गिट ब्लेम' काढू नये.) त्या हिशेबाने माँट्रियलमध्ये १९७६ नंतर जन्मलेला माणूसही, ज्याने एकही शर्यत पाहिली नाही, सिगारेटच्या प्रत्येक पाकिटामागे द्रापोंचा शब्द पाळत होता. आणि त्याच स्टेडियमच्या नव्या छपरासाठी २०२४ मध्ये आणखी ८७ कोटी डॉलर जाहीर झाले.

त्याच १९७६ चं हिवाळी ऑलिम्पिक डेन्व्हरला मिळालं होतं. नोव्हेंबर १९७२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांना थेट विचारलं गेलं, सरकारी पैसा द्यायचा का? ते नाही म्हणाले. खेळ इन्सब्रुकला गेले. लॉस एंजेलिसने २०२८ साठी निदान एवढं तरी आधी लिहून ठेवलंय, की तोटा झालाच तर पहिले २७ कोटी डॉलर शहराचे, पुढचे २७ कोटी राज्याचे. यातून खर्च कमी होतो असं नाही. पण फोन कुणाला जाणार हे ठरतं.

उलटही घडतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ ची राष्ट्रकुल स्पर्धा जिलाँग, बेंडिगो, बॅलरॅट अशा छोट्या शहरांत घ्यायचं ठरवलं, आणि १८ जुलै २०२३ ला परवडत नाही म्हणून रद्द केली. कारण म्हणून ६.९ अब्ज डॉलरचा आकडा पुढे केला. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या महालेखापालांनी सांगितलं, की हा आकडा फुगवलेला होता, आणि न झालेल्या स्पर्धेवर ५८.९ कोटी डॉलर खर्च झाले, त्यातले ३८ कोटी नुसती भरपाई. तोवर निर्णय घेणारे प्रीमियर डॅनियल अँड्र्यूज पद सोडून गेले होते. म्हणजे काटकसरीच्या नावाखालीही जाब चुकवता येतो.

हे सगळं आत्ता का? कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३० च्या राष्ट्रकुलचं यजमानपद अहमदाबादला मिळालं आहे, आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारताने इच्छापत्र दिलेलं आहे. खेळ हा आपल्या घटनेत राज्यांचा विषय आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने उद्यानं, मैदानं पालिकांच्या यादीत टाकली. प्रत्यक्षात स्पर्धा मागतं केंद्र, जागा देतं राज्य, झेंडा मिरवते क्रीडा संघटना. आणि पाहुणे गेल्यावर ड्रेनेज, दिवे, रस्ते आणि गवत उरतं पालिकेला, जिने कुठल्याच करारावर नीट वाचून सही केलेली नसते. बालेवाडीला राहणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलेलं संकुल, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी पुन्हा सजवलेलं. संकुल राज्य सरकारचं, बाहेरचा रस्ता महापालिकेचा, आणि मध्ये गेट.

अहमदाबादच्या बातम्यांमध्ये ड्रोनची दृश्यं आणि मॅस्कॉट भरपूर येतील. मला एक साधा कागद बघायचा आहे. यजमान करार गुजरातीत भाषांतर होऊन पालिकेच्या सभेपुढे आला का? तोट्याची हमी कुणाची आणि किती आकड्यापर्यंत? पैसा कमी पडला तर कुठल्या योजनेला हात लावायचा नाही, याची यादी आहे का? ठेकेदाराच्या खालच्या ठेकेदाराकडे काम करणाऱ्या मजुराने रोजी कापली गेली तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, तो नंबर कुठल्या अधिकाऱ्याचा, आणि त्याची बदली झाली तर कुणाचा? आणि २०४० मध्ये जलतरण तलावाचं पाणी बदलायचे पैसे कोणत्या खात्यातून येणार? हे प्रश्न २०३१ मध्ये कॅगने विचारण्याऐवजी आत्ता, तिथल्या एखाद्या नगरसेवकाने विचारले तर फार बरं होईल. हे सगळं एका ए-फोर कागदावर मावतं.