लाडू, प्रसाद आणि ग्राहक कायदा

अयोध्येत रामलल्लाची प्राणप्रतिष्ठा झाली २२ जानेवारी २०२४ रोजी. त्याच्या आधीच ‘श्री राम मंदिर अयोध्या प्रसाद’ या नावाने तुपातले लाडू आणि गायीच्या दुधाचे पेढे ॲमेझॉनवर विक्रीला आले होते. व्यापाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस धाडून सात दिवसांत उत्तर मागितले. अशा विक्रीवर कारवाई करत असल्याचे कंपनीने सांगितले.

पण यात खोटे नेमके काय होते? लाडू तर लाडूच होता.

घरी नैवेद्य दाखवताना ताटाभोवती पाणी फिरवतात, तुळशीचे पान ठेवतात, क्षणभर डोळे मिटतात. तेवढ्याने शिऱ्यातले तूप वाढत नाही. प्रयोगशाळेला आधीचा शिरा आणि नंतरचा शिरा सारखाच. मघाचा शिरा ‘नको’ म्हणता येतो. आताचा मात्र उजवा हात पुढे करून घ्यायचा असतो. देवगडच्या नावाने भलताच आंबा आला तर निदान जीभ चुगली करते. प्रसादाच्या बाबतीत तिचे काही चालत नाही, सगळी भिस्त डब्यावरच्या एका ओळीवर.

‘भाव तसा देव’ म्हणणारे इथे विचारतील, की भक्ताने श्रद्धेने खाल्ला, मग त्याचे नुकसान ते काय? युक्तिवाद गोड आहे, पण विक्रेत्याच्या सोयीचा. भाव असतो भक्ताचा आणि तो देवापाशी. दुकानदाराने त्याचे भांडवल करावे, ही मुभा त्याला कुणी दिली?

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा देवघरात शिरतच नाही. वस्तूचे खोटे वर्णन करणे, महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणे, ही त्याच्या लेखी दिशाभूल करणारी जाहिरात. दंड दहा लाखांपर्यंत. लाडू पवित्र आहे का, हे प्राधिकरणाने ठरवायचे नाही. तो मंदिरातून आला का, एवढेच विचारायचे. करकायद्याचीही नजर तिथेच: जीएसटी माफ आहे तो धर्मस्थळाने दिलेल्या प्रसादाला, मिठाईवाल्याच्या पेढ्याला नव्हे. श्रद्धेच्या बाबतीत कायद्याने एवढेच पाहावे, आणि एवढे तरी पाहावेच.

असा डबा घरी आला, तर पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. विक्रेता कुठलाही असो, तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही.