तारीख ओळखणारे दुकान

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगमच्या पाकिटावरून स्कॅनर फिरला आणि दुकानदारीत बारकोडचे युग सुरू झाले. तेव्हापासून त्या उभ्या रेघांना वस्तू कोणती एवढे सांगता येते, ती कधीची हे मात्र सांगता येत नाही. आजचे चिकन आणि चार दिवसांपूर्वीचे चिकन यांचा क्रमांक एकच असल्यामुळे किती पाकिटे शिल्लक आहेत हे संगणकाला कळते, पण त्यांपैकी किती उद्या बाद होतील हे शोधण्यासाठी कर्मचाऱ्याला फ्रीजसमोर उभे राहून एकेक पाकीट उलटून पाहावे लागते, आणि जे नजरेतून सुटते त्याची वाट बहुधा कचराकुंडीकडेच जाते.

ऑस्ट्रेलियातील वूलवर्थ्स या दुकानसाखळीने २०१९ पासून ताज्या मांसासाठी द्विमितीय बारकोड, म्हणजे बारीक काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या जाळीत माहिती साठवणारे चिन्ह, वापरण्यास सुरुवात केली. त्यात वस्तुक्रमांकाबरोबर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीखही मावते. त्यामुळे मुदत उलटलेले पाकीट बिलिंग काउंटरवरच अडते, मुदत जवळ आलेल्याची किंमत वेळेवर उतरवता येते आणि एखाद्या बॅचमध्ये दोष आढळल्यास तेवढाच माल काढून उरलेला वाचवता येतो. या पद्धतीने नासाडीत ४० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे सांगितले जाते. सेलच्या पाटीवरील सवलत ग्राहक ज्या सावधपणे वाचतो, त्याच सावधपणे हा आकडाही वाचलेला बरा.

नैतिक प्रश्न मात्र इथून पुढे सुरू होतो, कारण तारीख ठाऊक नसताना जे नजरचुकीने फेकले जात होते, ते आता जाणूनबुजून फेकले जाणार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यात घरांचा वाटा ६० टक्के, तर किरकोळ दुकानांचा १२ टक्के होता. संध्याकाळी निम्म्या किमतीत विकलेले मांस दुकानाच्या हिशेबात विक्री म्हणून नोंदले जाते. ते दुसऱ्या दिवशी कुणाच्या ताटात गेले की कुणाच्या फ्रीजमध्ये विसरले गेले, याची नोंद कोणताही कोड ठेवत नाही. सवलतीने अनेकांची सोय होते हे खरेच. तरी दुकानाने आपली नासाडी ग्राहकाच्या घरी पोहोचवली आणि वर तिचे पैसेही घेतले, असे घडण्यास पुरेपूर वाव राहतो.

जोखमीचा माल एक दिवस आधी बाजूला काढून गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थांना देणे हा याहून बरा मार्ग असला, तरी कोणत्या दिवशी किती माल उरतो हे बॅचवार कळू लागल्यावर मुळात कमी मागवणे हाच सर्वांत सरळ उपाय उरतो. मात्र दुकान बंद होईपर्यंत प्रत्येक फळी भरलेली दिसलीच पाहिजे, हा किरकोळ व्यापाराचा जुना हट्ट आहे, कारण रिकामी फळी पाहून ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल ही धास्ती दुकानदाराला कचऱ्याच्या खर्चापेक्षा मोठी वाटते. आणि संध्याकाळी सात वाजताही पूर्ण निवड मिळावी असा आग्रह धरणारा ग्राहक ती धास्ती रोज खरी ठरवत असतो.