गंगा कोणत्या पात्राला म्हणावे?

बंगालमध्ये शिरताच गंगेचे पाणी विभागते: मुख्य प्रवाह पद्मा या नावाने पूर्वेला बांगलादेशात जातो आणि भागीरथी, जिला पुढे हुगळी म्हणतात, ती दक्षिणेकडे वळते. मूळ नदीतून फुटून वेगळ्या वाटेने समुद्राकडे जाणाऱ्या अशा शाखेला भूगोलात वितरिका म्हणतात. पाणी पद्मेत जास्त असले तरी भगीरथाने आणलेली गंगा म्हणून श्रद्धेने भागीरथीलाच मानले आणि मकरसंक्रांतीचे स्नानही तिच्याच मुखाशी, गंगासागरला होते.

1764 साली ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेक्षक जेम्स रेनेल याच्यावर काम सोपवले गेले ते मात्र केवळ व्यापाराच्या सोयीचे होते. कोरड्या ऋतूत भागीरथी उथळ होत असल्यामुळे गंगेतून कलकत्त्यापर्यंत बारमाही चालणारा दुसरा जलमार्ग त्याला शोधायचा होता. त्याच्या मोजणीतून 1779 साली बंगालचा नकाशासंग्रह निघाला, ज्यात ब्रह्मपुत्रा मधुपूरच्या पूर्वेने वाहताना दिसते. परंतु 1787 च्या पुरात तिस्ता गंगेची वाट सोडून ब्रह्मपुत्रेला मिळाली आणि रेनेलच्या हयातीतच ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह पश्चिमेच्या जमुनेकडे वळू लागला. त्रिभुज प्रदेशात नदी आपल्याच गाळाने आपली वाट बुजवते, म्हणूनच हुगळीवर शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून पुन्हा पुन्हा ठाव घ्यावा लागे.

मुंडकोपनिषदात नद्या नामरूप, म्हणजे नाव आणि आकार, टाकून समुद्रात विलीन होतात असा दृष्टांत आहे. तो संगमाचा आहे. त्रिभुज प्रदेशात समुद्र येण्याआधीच एका नदीच्या अनेक होतात, आणि नाव कोणाकडे राहावे हा खरा पेच तिथे पडतो. ते पाण्याच्या मापाने ठरत असेल तर भागीरथीचा हक्क उरत नाही आणि पात्राच्या स्थैर्याने ठरत असेल तर कोणाचाच उरत नाही. म्हणून पावित्र्य हा पाण्याचा गुण नसून नदीशी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला संबंध आहे, असेच मानावे लागते. आणि संबंध म्हटला की जबाबदारी आलीच.

या कसोटीवर कालीघाटजवळून वाहणारी आदिगंगा, म्हणजे हुगळीचे जुने पात्र, पाहावी. 1770 च्या दशकात विल्यम टॉली याने ते नौकानयनासाठी खोदून घेतले आणि तेव्हापासून त्याला टॉलीचा नाला हे नाव पडले. भाविक आजही त्याला गंगाच म्हणतात. त्याच पात्रात आता सांडपाणी वाहते आणि मेट्रोचे खांब उभे आहेत.