झुरका कुठे संपतो

बिडी पेटलेली ठेवायची तर ती ओढत राहावी लागते. तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं सच्छिद्र नसतं. आतल्या तंबाखूला बाहेरून फारशी हवा मिळत नाही. दोन झुरक्यांच्या मध्ये गप्पा रंगल्या की बिडी विझते. मग पुन्हा काडी, पुन्हा तळहाताचा आडोसा. आणि इतकं करून ती टिकते किती? बोटांना चटका बसला की टाकायची. बिडी वळणाऱ्यांनी ओढणाऱ्याच्या भल्यासाठी ही सोय केलेली नाही, पानाचा स्वभावच तसा. पण त्यामुळे बिडी आपण होऊन संपते, आणि आणखी ओढायची तर बंडलातून दुसरी काढावी लागते. त्या काढण्यात माणसाला एकदा तरी कळतं, की आपण दुसरी काढतोय.

नीरा–बारामती रस्त्यावर वडगाव निंबाळकरच्या आसपास सोमेश्वर कारखान्याचं गाळप सुरू झालं, की उसाच्या फडात तंबाखूच्या बाबतीत हेच दिसतं. तंबाखू मळायला दोन्ही हात लागतात, म्हणजे कोयता खाली ठेवावा लागतो. पुडीतून चिमूट काढायची, डबीतला चुना बोटावर घ्यायचा, अंगठ्यानं मळायची, थापटून भुकटी उडवायची आणि मग बार ओठाआड. चुना जास्त झाला तर गाल भाजतो. किती घ्यायचा हे अंगठ्याला ठाऊक असतं. हा चुना चवीपुरता नसतो. तो अल्कधर्मी असल्यामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या अस्तरातून लवकर रक्तात उतरतं. शाळेच्या प्रयोगशाळेत पाऊल न टाकलेला माणूस हे रसायनशास्त्र तळहातावर रोज करतो. थोड्या वेळानं बाराचा चोथा होतो, थुंकावा लागतो. पुढच्या बारासाठी कोयता पुन्हा खाली. चिलमीचं तर विचारूच नका. ओली छापी, निखारा, आणि ती चार जणांत फिरणार. आपली पाळी येईपर्यंत मुकाट बसायचं.

एखादं उपकरण पारखताना ते काम किती चांगलं करतं एवढंच आपण पाहतो. ते थांबतं कुठे आणि कोणासाठी थांबतं, हे क्वचितच विचारतो. पाण्याच्या पंपाला किंवा मिक्सरला हा प्रश्न दुय्यम असेल. ज्याची सवय लागते असं द्रव्य पोचवणाऱ्या उपकरणाला तो पहिला विचारायला हवा, आणि व्हेप, म्हणजेच ई-सिगारेट, हे उपकरण या प्रश्नाखाली धरलं की त्याची सगळी कारागिरी वेगळीच दिसू लागते.

आत काय असतं ते आधी पाहू. एक लिथियम बॅटरी, एक तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, त्यात ओवलेला कापूस, आणि द्रव भरलेली टाकी किंवा पॉड. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात निकोटिन आणि स्वाद. ओठांनी ओढलं की आतल्या संवेदकाला हवेचा दाब बदललेला कळतो, बॅटरीचा प्रवाह कॉइलमध्ये सुटतो, कापसानं शोषलेला द्रव तापून वाफ होतो, वाफ थंड होता होता तिचे सूक्ष्म थेंब बनतात आणि ते छातीत जातात. बॅटरी ३.७ व्होल्टची आणि कॉइल १ ओहमची असली तर जवळपास १४ वॅट उष्णता तयार होते. ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० अंशांना. कापूस ओला असेपर्यंत गोष्टी ठीक चालतात. तो कोरडा पडला की तापमान एकदम चढतं, ग्लिसरीन फुटून ॲक्रोलीन आणि फॉर्माल्डिहाइड तयार होतात, आणि घशाला जळका, कडवट चटका बसतो. म्हणून कापूस कसा ठेवायचा, द्रवासाठी भोकं किती मोठी ठेवायची, हवेची वाट कशी वळवायची, यावर कारागिरांनी खूप डोकं चालवलं आहे. चीनमधले औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ साली आजच्या ई-सिगारेटचा आराखडा मांडला तेव्हा त्यात द्रवाचं धुकं कंपनांनी व्हायचं. आजचं यंत्र त्यापेक्षा कितीतरी सुबक आहे.

थांबण्याच्या सोयीही त्यात आहेत, आणि खरी मौज इथेच आहे. एकच झुरका फार लांबला तर बरीच यंत्रं आठ-दहा सेकंदांनी प्रवाह तोडतात. बॅटरी फार उतरली की यंत्र बंद पडतं. शॉर्टसर्किट झालं की बंद पडतं. काही यंत्रांत निकेलची तार वापरतात. तार तापली की तिचा रोध वाढतो, त्यावरून आतली चिप तापमान ओळखते आणि वेळीच वीज कमी करते. हुशारीचं काम आहे, यात शंका नाही. पण या सगळ्या थांब्यांची यादी पुन्हा नजरेखालून घाला. कॉइल जळू नये, बॅटरी फुगू नये, कापूस करपू नये. प्रत्येक थांबा यंत्राची काळजी घेतो. ओढणाऱ्यासाठी ठेवलेला थांबा मला त्यात सापडत नाही. दहाव्या सेकंदाला तुटलेला झुरका अकराव्या सेकंदाला पुन्हा घेता येतो.

उलट माणसाकडे जे थांबे होते ते एकेक करून काढलेले दिसतात. पेटवावं लागत नाही, विझत नाही. राख नाही, थोटूक नाही, कपड्यांना वास नाही, म्हणून घराबाहेर जावं लागत नाही. एका हातात मावतं, म्हणून दुसऱ्या हातातलं काम थांबत नाही. फडातल्या तोडणीवाल्याला बारासाठी मिळायची ती उसंतही यात मिळणार नाही. उरला होता एक मोठा थांबा, तो म्हणजे घसा. साधं निकोटिन जास्त प्रमाणात ओढलं की घसा खवखवतो आणि माणूस आपोआप हात आखडतो. २०१५ साली अमेरिकेत आलेल्या जूल या उपकरणानं तोही काढला. त्यात निकोटिनला बेंझोइक आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार केला, त्यामुळे तीव्र मात्रासुद्धा घशाखाली अलगद उतरू लागली. आपल्याकडे चुन्यानं निकोटिन मोकळं करून गालाला द्यायचं, तिथे आम्लानं बांधून फुप्फुसाला द्यायचं. रसायन उलट्या दिशेनं गेलं, पण हेतू तोच. फरक वेगाचा आहे. तोंडातल्या बारातून निकोटिन रक्तात चढायला बराच अवधी जातो. छातीत घेतलेलं दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. २०१९ साली अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतली २७.५ टक्के मुलं व्हेप ओढत होती. ज्या मुलांना पहिल्याच सिगारेटनं ठसका लावून परत पाठवलं असतं, त्यांना या यंत्रात ठसकाच लागला नाही.

मग या यंत्राची कामगिरी मोजतात कशी? त्यासाठी ओढणारं यंत्र असतं. सिगारेटच्या जुन्या मानक चाचणीत ते दर मिनिटाला एक, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा झुरका घ्यायचं. ई-सिगारेटसाठी २०१८ साली वेगळं मानक आलं: दर ३० सेकंदांना एक, तीन सेकंदांचा, ५५ मिलिलिटरचा झुरका. वाफ किती आली, प्रत्येक झुरक्यात ती सारखी आली का, गळती झाली का, हे त्यातून समजतं. प्रत्यक्षात माणूस असा घड्याळ लावून ओढत नाही. सिगारेट कंपन्यांनी ‘लाइट’ सिगारेटच्या फिल्टरला बारीक भोकं पाडली होती. यंत्राच्या चिमट्यात ती भोकं उघडी राहायची आणि टार कमी भरायचं. माणसाच्या बोटांनी, ओठांनी ती झाकली जायची, शिवाय झुरका खोल घेतला जायचा, आणि टार होतं तेवढंच आत जायचं. यंत्राला जे कमी लागलं ते माणसाला कमी लागेलच असं नाही, हे शिकायला काही दशकं गेली. आता व्हेपच्या खोक्यांवर ‘५००० पफ’ छापलेलं असतं. तो पफ किती सेकंदांचा धरला, हे खोक्यावर शोधून सापडत नाही. द्रव १० मिलिलिटर आणि निकोटिन दर मिलिलिटरला ५० मिलिग्राम असेल तर खोक्यात ५०० मिलिग्राम निकोटिन झालं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक-दीड मिलिग्राम जातं. भागाकार ज्याचा त्यानं करावा. त्यातलं थोडं वाया जातं असं धरलं तरी उत्तर शेकड्यातच येतं, आणि त्या शेकड्यांमध्ये कुठेही पाकीट संपत नाही.

इथे कोणी म्हणेल, जुन्या थांब्यांचं एवढं कौतुक कशाला, त्यांनी कोण वाचलं? बरोबर आहे. बिडीनं छाती जाळली, बारानं आणि मिश्रीनं गाल-जबडे खाल्ले, आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोजायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. थांबा असला म्हणजे वस्तू निर्धोक झाली असं मी म्हणत नाही. थांब्यामुळे एवढंच होतं की ज्याला सोडायचं आहे त्याला धरायला एक जागा मिळते. दिवसाला बंडलाऐवजी अर्धं बंडल, जेवणानंतरचा बार बंद, असं त्याला बोलता तरी येतं. व्हेप ओढणाऱ्याला आज किती ओढली हे सांगायला सहसा आकडाच नसतो.

दुसरी बाजूही न्यायानं मांडली पाहिजे. ब्रिटनमधल्या आरोग्ययंत्रणेनं सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना व्हेपकडे वळवण्याचं धोरण घेतलं, कारण जळणच नसल्यामुळे टार आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात जवळपास नसतात. निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांपेक्षा त्यानं सिगारेट सोडणाऱ्यांचं प्रमाण जास्त भरतं, असा पुरावाही आहे. म्हणजे रोज सिगारेट ओढणाऱ्या आणि व्हेपवर पूर्णपणे गेलेल्या माणसाला फायदा आहे. पण हे गणित वडगावात आणून पाहा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे निघाले आणि धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. आपली तंबाखू मुख्यतः गालात आहे. तिच्या जागी व्हेप आलं तर धुराऐवजी वाफ येणार नाही; आजवर छातीत न गेलेली गोष्ट छातीत जाऊ लागेल. लंडनमध्ये जे उपकरण एक पायरी खाली उतरवतं ते इथे एक पायरी वर चढवेल.

भारतानं १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी आणली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचा कायदा झाला. बनवणं, आयात करणं, विकणं, जाहिरात करणं यांवर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा केल्यास सहा महिन्यांपर्यंत किंवा पन्नास हजारांपर्यंत. ओढणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. मला ही बंदी बरोबर वाटते, पण तिची एक किंमत आहे. चोरून आलेल्या वस्तूला कोणी तपासत नाही. युरोपात निकोटिन दर मिलिलिटरला २० मिलिग्रामच्या वर आणि टाकी २ मिलिलिटरच्या वर नेता येत नाही; इथे बंदीतून निसटून आलेल्या खोक्याला तीही मर्यादा लागू नाही. त्यात काय भरलंय हे यंत्र सुबक आहे यावरून कळत नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची लाट आली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ माणसं दगावली. दोष मुख्यतः गांजाच्या अर्काच्या द्रवात घट्टपणासाठी मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या एका तेलकट संयुगाचा निघाला. उपकरणांनी आपलं काम चोख केलं होतं: द्रव तापवला, बारीक थेंब केले, खोलवर पोचवले.

छातीत औषध पोचवण्याचं काम करणारं आणखी एक उपकरण जवळपास प्रत्येक गावात कोणाच्या ना कोणाच्या खिशात असतं, दम्याचा पंप. त्याचे थेंबही तसेच बारीक, तेही फुप्फुसातच जातात. साल्ब्युटामॉलच्या पंपात एका दाबाला १०० मायक्रोग्राम, डब्यात २०० दाब. प्रत्येक दाबाला मात्रा ठरलेली, आणि पुढच्या मात्रेसाठी पुन्हा दाबावं लागतं. म्हणजे मोजून देणारं, मोजून थांबणारं उपकरण बनवता येत नाही असं नाही. तंबाखू सोडण्यासाठीचं निकोटिनचं च्युइंगमही याच पठडीतलं. दोन मिलिग्रामची किंवा चार मिलिग्रामची गोळी, हळूहळू चावून गालात ठेवायची, तिखट लागू लागली की थांबायचं, अर्ध्या तासात ती संपते. सुरुवातीला दिवसाला किती, मग कमी करत किती, हे तिच्या वापराच्या तक्त्यात आठवड्यागणिक दिलेलं असतं, आणि बाराव्या आठवड्यापाशी तो तक्ता संपतो. वडगावच्या औषधाच्या दुकानात ती मिळाली नाही तर बारामतीला मिळेल. चव अर्थातच कोणाला आवडत नाही.